रॉटरडॅमची बाई

केशव वैजापूरकरांचं मत कुणी विचारलं नाही तरी मिळायचं, आणि विचारलं तर त्या माणसाला उठायची सोय राहायची नाही. मत एकच होतं. रॉक ऐकावं तर लाइव्ह. स्टुडिओत काच लावून, चुका पुसून केलेली रेकॉर्ड म्हणजे त्यांच्या भाषेत फ्रिजमधली भाकरी. "गरम केली म्हणून ताजी होते का हो?" असं ते ज्याला त्याला विचारत. विमा कंपनीत नोकरीला होते तेव्हा पॉलिसी काढायला आलेल्या लोकांनाही त्यांनी हे विचारलेलं आहे. बिचारे लोक "नाही होत" म्हणायचे आणि सही करून सुटायचे.

आता तुम्हाला वाटेल, या माणसानं जन्मात पुष्कळ कॉन्सर्ट पाहिल्या असतील. एकही नाही! गर्दीत त्यांचा जीव घुसमटायचा, धुरानं शिंका यायच्या, आणि उभं राहून गाणं ऐकणं त्यांच्या गुडघ्यांना मंजूर नव्हतं. गणपतीत ज्योतीनगरच्या कोपऱ्यावर डीजे लागला की पोलिसांना पहिला फोन यांचा. "आवाजाला काही मर्यादा आहे की नाही?" असं फोनवर तावातावानं बोलून झालं की हे गृहस्थ खोलीचं दार लावून घेत, पंखा बंद करत, हेडफोन चढवत आणि हजारो माणसांच्या गोंगाटात डोळे मिटून बसत. शेजारी आल्याचा चहा.

पण मतं म्हणाल तर ठाम. ‘टिन कॅथीड्रल’ची ओसाकाची रेकॉर्ड अळणी, कारण तिथला प्रेक्षक गाणं संपल्याशिवाय टाळी वाजवत नाही. ‘नाइट फेरीमेन’ची हॅम्बुर्गची बरी, पण प्रेक्षक ठेका धरतो आणि उत्साहात बँडच्या पुढं पळतो. कुणी नंतर स्टुडिओत बसून टाळ्या भरल्या असतील तर त्या बँडचं नाव घरात काढायची सोय नव्हती. "कॉन्सर्ट वाजवणाऱ्यांवर ठरत नाही, भानू. ऐकणाऱ्यांवर ठरते," असं ते बायकोला सांगत. भानुमती तेव्हा बहुतेक भाजी निवडत असायची. ती "हो" म्हणायची.

या सगळ्या मतांच्या वर, देव्हाऱ्यात ठेवावी तशी, एक कॅसेट होती. वरच्या कागदावर हातानं लिहिलेलं, ‘कॉपर मॅगपाय, लाइव्ह, रॉटरडॅम’. लग्नाच्या आदल्या वर्षी जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात, मिक्सरची भांडी आणि पंख्याची पाती यांच्या ढिगात ती केशवरावांना सापडली होती. त्या बँडचा रॉटरडॅमचा अल्बम जगात बऱ्याच जणांकडं आहे, पण या कॅसेटचं त्याच्याशी काहीच जुळत नव्हतं. गाण्यांचा क्रम वेगळा, आवाज लांबून येणारा. दुसरा कुणी म्हणाला असता, फसलो. केशवरावांनी असा निष्कर्ष काढला की हे कुणीतरी प्रेक्षकांत बसून चोरून केलेलं रेकॉर्डिंग आहे आणि ते जगात फक्त आपल्याकडं आहे. इंटरनेट आल्यावर त्यांनी परदेशी शौकिनांच्या एका मंडळात चौकशीसुद्धा केली. कुणालाच काही माहिती नव्हती. "बघ! म्हणजे किती दुर्मिळ असेल!" ते म्हणाले. गायक ‘वर्ल्ड’ला ‘वरल्ड’ म्हणायचा, त्यावरही त्यांचा खुलासा तयार होता. उत्तर इंग्लंडातल्या कामगारवस्तीत तसंच म्हणतात.

आणि त्या कॅसेटमध्ये ती जागा होती. तिसऱ्या गाण्याच्या ऐन मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबतात. शांतता. स्टेजवरून कुणीतरी काही म्हणतं, पण लांबून शब्द लागत नाहीत. "एवढ्या रंगलेल्या गाण्याचा गळा धरायचा! काय छाती लागत असेल!" केशवराव म्हणायचे. लांब कुठंतरी, हॉलंडमधल्या त्या रॉटरडॅमच्या बंदरात, जहाजाचा भोंगा वाजतो. आणि मग, अगदी आपल्या कानापाशी, एक बाई ओरडते, "व्हाऽऽय!" का? छातीच्या तळापासून, कुणाची भीडभाड न ठेवता. त्यावर सगळा जमाव आनंदानं उसळतो आणि पाठोपाठ गिटार सुटते.

"तिनं विचारलं, का? का थांबलात, का जगायचं, का हे सगळंच! आणि गिटारनं उत्तर दिलं." इथं केशवरावांचे डोळे दर वेळी भरून यायचे. त्यांचा जुना मित्र सुदर्शन, धंद्यानं दातांचा डॉक्टर, हे इतक्यांदा ऐकून चुकला होता की तोही बरोबर त्याच जागी मान हलवायचा. त्याला रॉकमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मैत्री म्हटलं की माणूस काय काय सोसतो.

सोसत होती ती भानुमती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बाई घरात होतीच. पाहुणे आले की तिचा विषय, पाऊस पडला की तिचा विषय. "ती रॉटरडॅमची बाई बघ, एका शब्दात सगळं विचारून मोकळी झाली." भानुमतीनं तिला मनातल्या मनात उंच केली होती, सोनेरी केस दिले होते, चामड्याचं जाकीट घातलं होतं. सवतीशी निदान नळावर भांडता तरी येतं, हिच्याशी कुठं भांडणार? एकदा मटार सोलता सोलता भानुमती वैतागून म्हणाली होती, "सांगा तुमच्या त्या हॉलंडवालीला सोलायला." केशवराव मनापासून हसले होते. हेवा वाटायचा तिला, आणि कॅसेट मात्र तिनं कधी ऐकली नव्हती. ती झिजू नये म्हणून क्वचितच लागायची, तीही हेडफोनवर, दाराआड. "तुला नाही कळायचं, भानू. तुला नुसतं धडामधूम वाटेल." भानुमतीलाही तसंच वाटत आलं होतं.

केशवरावांना साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्यांनी जाहीर केलं की साठीशांत नको, होमहवन नको, भटजी नकोत. सोसायटीच्या हॉलमध्ये माणसं बोलवायची, ‘लाइव्ह म्हणजे काय’ यावर आपण बोलायचं आणि शेवटी रॉटरडॅम ऐकवायचं. मोठ्या स्पीकरवर, पहिल्यांदाच. पुण्याहून मुलगी वैदेही आली होती. तिनं कॅसेट संगणकावर चढवली, खरखर काढून टाकली, आणि कार्यक्रमाच्या सकाळी बाबा दाढी करून घ्यायला बाहेर पडल्यावर घरातल्याच स्पीकरवर लावून बघितली.

भानुमती स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती. गाणं सुरू झालं, धडामधूम चाललं होतं तसं चालू राहिलं. मग एकदम बंद पडलं. लांब एक भोंगा वाजला. आणि एक पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडली.

"व्हऽऽय!"

कोथिंबीर भानुमतीच्या हातातच राहिली. व्हाय कुठलं, हे तर व्हय! आणि ही हॉलंडची बाई कुठली, ही तर मी!

इंजिनिअरिंग कॉलेजचं गॅदरिंग. तिचा थोरला भाऊ पुंडलिक तेव्हा शेवटच्या वर्षाला होता आणि बहिणीला शहरातली मजा दाखवायला करमाडहून घेऊन आला होता. हॉस्टेलच्या पोरांचा बँड होता, इंग्रजी गाणी म्हणणारा. गाणाऱ्या पोराचा सेलवरचा टेपरेकॉर्डर पुंडलिकनं तिच्या मांडीवर ठेवला, लाल बटण दाबलं आणि "हलू नको" असा दम देऊन ठेवला. तिसऱ्या गाण्यात लाइट गेली. माइक गेला, गिटार गेली, सगळं मैदान काळंठिक्कर. गाणारा पोरगा स्टेजवरून नुसत्या तोंडानं ओरडला, "मागं ऐकू येतंय काऽ?" मागं सगळी पोरं अंधारात दबून बसलेली, उत्तर कुणी देईना. आणि वस्तीवरून थेट विहिरीपर्यंत हाक पोहोचवणारी भानुमती, मांडीवरचं यंत्र न हलवता, गळा मोकळा सोडून ओरडली. तेवढ्यात लाइट आली. लाइट आल्यावर आपल्याकडं माणसांच्या तोंडून जो आवाज निघतो तो तुम्हाला सांगायला नको. केशवराव म्हणायचे, एवढा आनंद फक्त हॉलंडच्या लोकांनाच होऊ शकतो.

तिथंच पाटावर बसून भानुमती हसली. तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता तिला रडू कोसळलं, कारण पुढचंही आठवलं. बघायच्या कार्यक्रमात केशवच्या आईनं विचारलं होतं, "स्वयंपाक येतो ना?" आणि ही म्हणाली होती, "व्हय." सासूबाईंनी केशवकडं बघितलं, केशवनं चहाच्या कपात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला जवळ बसवून समजावलं होतं. "‘हो’ म्हणावं, भानू. व्हय काय, व्हय! आणि जरा हळू. आपण काही बांधावर उभे नाही." माणसं वाईट नव्हती हो. हसून खेळून शिकवलं. ‘व्हय’ गेलं, ‘लई’ गेलं, पाठोपाठ आवाजही गेला. आताशा कुरिअरवाला फोनवर म्हणायचा, "मॅडम, जरा मोठ्यानं बोला."

जिच्यावर जन्मभर जळलो ती आपणच निघालो, यात रागवायचं तरी कुणावर? तिला एकच हवं होतं. नवऱ्यानं एकदा तिच्याकडं बघून म्हणावं, ती तू होतीस. चारचौघांत नको, घरातच म्हणू दे. पण म्हणू दे.

दुपारी जेवताना तिनं विषय काढला. वैदेही हॉलवर वायरी जोडायला गेली होती.

"अहो, ती तुमची रॉटरडॅमची बाई आहे ना."

"हं."

"ती मी आहे."

केशवरावांनी वरणभात कालवला. "वा! हेच तर लाइव्हचं सामर्थ्य आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, तिथं आपणच आहोत. भाषणात घेतो हे."

"तसं नाही. खरंच मी आहे." आणि तिनं सगळं सांगितलं. गॅदरिंग, मांडीवरचा टेप, गेलेली लाइट, सगळं. केशवराव कौतुकानं ऐकत होते. पोरानं शाळेतला पराक्रम सांगावा आणि बापानं मान डोलवावी, तसे.

"व्हाय आणि व्हय! गंमत आहे, भानू. लोक हसतील."

"मी विनोद नाही करत."

तेव्हा मात्र त्यांनी घास खाली ठेवला. आवाज खाली आणून, तिला लागू नये अशा बेतानं म्हणाले, "राग मानू नकोस. माझं अर्धं आयुष्य तो आवाज ऐकण्यात गेलंय. आवाजावरून माणूस कळतं. त्या बाईला जन्मात कुणी ‘हळू बोल’ म्हटलेलं नाही. ते ऐकू येतं त्यात. आपल्याकडच्या बायकांत तो आवाज नसतोच. त्यात त्यांचा दोष नाही."

"मग कुणाचा?"

"समाजाचा," केशवराव म्हणाले, आणि त्यांनी ताक मागितलं.

भानुमतीनं ताक वाढलं. संतापली होती, पण ताक सांडलं नाही. इतक्या वर्षांची सवय होती.

संध्याकाळी हॉल भरला. विमा कंपनीतले जुने लोक, सोसायटीतली मंडळी, सुदर्शन आणि त्याची बायको. लोक गाण्यासाठी आले होते म्हणावं तर तसं काही नाही. गुलमंडीवरून इमरती आणलेली आहे हे सगळ्यांना कळलं होतं. कार्यक्रम सुरू झाल्यावर, जालना रोडच्या ट्रॅफिकला शिव्या देत, सीताफळांची पाटी घेऊन करमाडहून पुंडलिकदादा आले आणि मागच्या रांगेत टेकले. भानुमतीचं त्यांच्याशी काही बोलणं झालं नव्हतं. त्यांना कुठली कॅसेट, काय, काही ठाऊक नव्हतं. दाजींची साठी म्हणून आले होते.

केशवराव छान बोलले. हे कबूल करायलाच पाहिजे, माणसाला बोलता येत होतं. फ्रिजमधली भाकरी आली, ओसाका आलं, हॅम्बुर्ग आलं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आता तुम्ही जे ऐकणार आहात ते या शहरात, किंबहुना या देशात, कुणी ऐकलेलं नाही. त्या बाईचं नाव मला माहीत नाही. ती आज असेल, नसेल. पण ऐकणं म्हणजे काय ते मी तिच्याकडून शिकलो." आणि त्यांनी वैदेहीला खूण केली.

गाणं वाजलं. लोकांनी तोंडं विचारी केली. वाद्यं थांबली. भोंगा वाजला. "व्हऽऽय!"

जमावाचा आवाज विरतो न विरतो तोच मागच्या रांगेत खुर्ची पडली.

"आरं तिच्या! भाने, ही तर तू!"

हॉलमधली सगळी डोकी वळली. पुंडलिकदादा उभे होते, तोंडभर हसत होते, आणि आपण काय करतोय याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

"दाजी, कुठं गावली तुम्हाला ही? अहो, आमच्या गॅदरिंगची कॅसेट ही! अन् भोंगा कुठला, ती करमाडची मुक्कामी एसटी. हीच तर आमची चुकली व्हती त्या दिवशी, हॉस्टेलच्या मावशीकडं झोपावं लागलं भानीला. अन् हा गाणारा शिवराज, जालन्याचा. त्यानं मला लई शिव्या घातल्या. कोरी कॅसेट माझ्या खिशातच राहिली, अन् मशीनमधी त्याची ती हॉलंडची व्हती, तिच्यावरच सगळं भरलं गेलं. रागारागात त्यानं मशीनसकट भंगारात घातली ती!" मग सगळ्या हॉलला उद्देशून म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणत्यात ते हेच की हो!"

हॉल खदखदला. विमा कंपनीतल्या एकानं तर मांडीवर थाप मारली. केशवराव माइकपाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी आधी वैदेहीकडं बघितलं, मग सुदर्शनकडं, मग छताकडं. ज्या एका माणसाकडं बघायला हवं होतं तिकडं बघितलं नाही.

भानुमती पहिल्या रांगेत बसली होती. तिचे कान तापले होते. नवऱ्याची कीव आली तिला, नाही असं नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या घडीला तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं. आता तरी म्हणा, असं ती मनात म्हणत होती.

शेवटी मित्राच्या मदतीला सुदर्शनच धावला. "अहो, वाद कशाला? वहिनी इथंच आहेत. वहिनी, एकदा ओरडूनच दाखवा. दूध का दूध, पानी का पानी!"

"हां, होऊन जाऊ द्या," लोक म्हणाले. केशवरावांनी माइकची वायर सरळ केली. वैदेहीनं गाणं मागं नेलं आणि बरोबर शांततेपाशी आणून थांबवलं. "आई, ओरड," ती हळूच म्हणाली.

भानुमती उठली. पदर खोचला. दुपारपासून ती याच गोष्टीची वाट बघत होती. तो शब्द तिच्या तोंडात तयार होता, ती विहीर, ती वस्ती, ते काळंठिक्कर मैदान सगळं डोळ्यांपुढं होतं. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"हो," भानुमती म्हणाली.

नीट, स्वच्छ, हळू. सासूबाई असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

"ऐकू नाही आलं!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक पुन्हा हसले. दुष्टपणानं नाही, प्रेमानंच हसले.

"अगं मोठ्यानं ओरड की! विहिरीवर ओरडायचीस तशी!" पुंडलिकदादा कळवळून म्हणाले. तिनं पुन्हा प्रयत्न केला. खरोखर केला. "व्ह..." इतकं आलं आणि पुढं ठसका लागला. वैदेही पाणी घेऊन धावली. "आई, अजून एकदा," ती म्हणाली. भानुमतीनं मान हलवली. नव्हतं येत. ‘जरा हळू’ म्हणून शिकवणाऱ्या सासूबाई आता नव्हत्या, आणि दुसरे शिकवणारे माइकपाशी उभे होते.

"तवा ओरडायची ती," पुंडलिकदादा शेजारच्या माणसाला म्हणाले. "लई ओरडायची." शेजारच्यानं मान डोलवली आणि फोन काढला.

केशवरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्यांनी घसा खाकरला. आता मात्र ते मोठ्या मनानं बोलले. "पुंडलिकराव, आपल्या माणसाचं आपल्याला कौतुक असायचंच. आणि गाडीचा भोंगा काय, जहाजाचा काय, ऐकणाऱ्याच्या मनात जे गाव असतं ते त्याला ऐकू येतं. लाइव्हचा हाच तर मोठेपणा आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाक्य खरंच चांगलं होतं. पुंडलिकदादांनीही वाजवल्या, आता पाहुण्यानं दाजींच्या साठीत आणखी किती ताणायचं.

भानुमती मागच्या खोलीत गेली. तिथं खोकी उघडून ती परातीत इमरती लावत बसली. एक लावली की दुसरी, दुसरी लावली की तिसरी. डोळ्यांतलं पाणी पाकात पडू नये म्हणून मान वळवून पुसत होती. थोड्या वेळानं केशवराव आत आले. दार लोटून घेऊन तिच्याजवळ उभे राहिले. तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. कितीतरी वर्षांत असा ठेवला नव्हता.

"मनाला लावून घेऊ नकोस, भानू," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "तसा आवाज लाखात एखादीला असतो. सगळ्यांना थोडाच येतो?"

"हो," भानुमती म्हणाली.

"लोक परत लावा म्हणताहेत. तू इमरती घेऊन ये." त्यांनी एक इमरती तोंडात टाकली, बोटं चोखली आणि ते घाईनं बाहेर गेले.

भिंतीपलीकडं पुन्हा गाणं सुरू झालं. पुन्हा थांबलं. ती बाई पुन्हा ओरडली, छातीच्या तळापासून, कुणाची भीडभाड न ठेवता, आणि या खेपेला हॉलमधल्या लोकांनी तिला टाळ्या दिल्या. भानुमती परात घेऊन दारापर्यंत आली होती. ती तिथंच थांबली. इतकं मोकळं ओरडणारी ही आहे तरी कोण, एकदा डोळे भरून बघावं, असं तिला फार वाटलं.